नवसाबाईची ओटी

चंद्रभागाबाईला एकच दुखणं होतं आणि ते बांधापलीकडे राहत होतं. नवसाबाई त्याचं नाव.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काळ्याभोर मातीत चंद्रभागाबाईच्या घरची शेती. पेठच्या डोंगरात धरण झालं आणि कालव्याचं पाणी इकडे आलं. सरकारचा हिशेब सरळ होता. ज्यांच्या शेताला पाणी मिळालं त्यांनी जमिनीचा तुकडा द्यायचा, आणि ज्यांची घरंदारं त्या पाण्यात बुडाली त्यांनी तो कसायचा. कागदावर हे फार शोभून दिसतं. १९९१ साली चंद्रभागाबाईच्या नवऱ्याचा, सावळीरामचा, विहिरीकडचा तुकडा असा गेला आणि डोंगरातून आलेला झिपरू आपल्या बायकोला, नवसाबाईला घेऊन तिथे झोपडी घालून राहिला. सावळीरामने मोबदला घेतला नाही, कोर्टात दावा लावला.

आसपासच्या दहा-बारा घरांची अशीच जमीन गेली होती. गावाने आलेल्यांना 'धरणवाले' म्हटलं आणि जवळजवळ वाळीतच टाकलं. त्यांच्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, लग्नाची अक्षत नाही. डोंगरातली माणसंही मानी. त्यांनी गावाच्या पारावर पाय ठेवला नाही.

पहिल्या वर्षी झिपरूने त्या काळ्या मातीत नागली, म्हणजे नाचणी, पेरली. डोंगरउतारावरचं पीक ते. चिकट रानात पाणी साचलं आणि मुळ्या कुजून गेल्या. त्या दिवशी चंद्रभागाबाईने घरात शिरा केला. सावळीरामने कारण विचारलं तर म्हणाली, सहज.

पण नवसाबाई कामाला वाघीण. दोन वर्षांत तिने कांद्याचं रोप टाकायला शिकून घेतलं, आणि एका उन्हाळ्यात विंचूरच्या बाजारात तिच्या कांद्याला चंद्रभागाबाईच्या कांद्यापेक्षा चढा भाव मिळाला. झालं! चंद्रभागाबाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती रात्री जेवली नाही. पुढे टोमॅटो आले, म्हैस आली, झोपडीच्या जागी विटांच्या दोन खोल्या आल्या. नवसाबाई अंगाने जरा भरली तेव्हा ही म्हणाली, आमच्या मातीचं खाऊन अंगाला लागलंय. खरं सांगायचं तर जमीन गेल्याचं दुःख काळाने बोथट केलं असतं. पण तीच जमीन दुसऱ्या बाईच्या हाताखाली फुलताना रोज सकाळी दिसायची, आणि तो मत्सर काही बोथट होईना. सवतीचा असावा तसा तो मत्सर होता, आणि तिने तो लपवलाही नाही.

त्या विहिरीच्या काठावर साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड होते. घरातल्या पहिल्या नातवंडाचं जावळ त्यांच्यापुढेच काढायचं, ही या घराची पिढ्यान् पिढ्यांची रीत. जमीन गेल्यापासून मात्र घरातलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. जायचं तर विचारून जावं लागणार, आणि विचारलं म्हणजे शेत त्यांचं हे कबूल केल्यासारखंच. मुलाचं, रविराजचं लग्न झालं तेव्हाही जोडपं आसरांच्या पाया न पडताच राहिलं.

मग नातू झाला. पहिलं वर्ष हट्टात गेलं. तिसरं लागलं तेव्हा पोराचे केस डोळ्यांवर यायला लागले, बाजारात लोक त्याला मुलगी समजू लागले. सून हर्षाली म्हणाली, नाशिकला नेऊन कापून आणते. चंद्रभागाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला. कालव्याच्या पाणीवाटपाच्या बैठकांत रविराजची आणि झिपरूची ओळख झाली होती. रविराजने सुचवलं, दावा मागे घेऊ, ते आपल्याला विहिरीची वाट कायमची लिहून देतात. "मी मेल्यावर घ्या," चंद्रभागाबाई म्हणाली. पण जावळ तिच्या मरणापर्यंत थांबणार नव्हतं. तिसरं वर्ष सरत आलं, आणि आसरा कोपल्या तर त्या कोर्टाची तारीख बघत नाहीत.

विचार करकरून तिने एक युक्ती काढली. दारी आलेल्या सवाष्णीची ओटी कोण भरतं? घरधनीण. शेतात पाय ठेवला की नवसाबाई नक्कीच आपली ओटी भरायला येणार आणि आपण पाहुण्या ठरणार. मग आपणच तिची आधी भरली तर? मालकीण कोण ते दहा माणसांदेखत आपोआप ठरेल. तिने सायखेड्याच्या बाजारातून खण आणला. नाव ठेवायला जागा नको इतका चांगला, पण जीव तुटावा इतका महाग नाही.

निरोप गेला, झिपरूचा होकार आला आणि २००४च्या माघात सगळी मंडळी विहिरीवर गेली. आसरा उघड्यावर, कोरड्या पडलेल्या असतील अशी चंद्रभागाबाईची खात्री होती. मनातून तिला तसंच हवंही होतं. पाहते तर दगडांना ताजा शेंदूर, पुढे हिरव्या बांगड्या, भोवती शेणाने सारवलेलं. तिच्या हातूनही कधी इतकी निगा झाली नव्हती. देवींनीसुद्धा पक्ष बदलला, असं तिला वाटलं.

मामाच्या मांडीवर पोराने आभाळ डोक्यावर घेतलं, न्हाव्याने जावळ काढलं, दहीभाताचा नैवेद्य झाला. तोवर नवसाबाई लांब कांद्याच्या वाफ्यांत उभी होती. आता ती पुढे आली. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि खण.

चंद्रभागाबाई ताडकन उठली. "थांब. आधी मी तुझी भरते."

ओढाताण होईल, नाही-हो होईल, या तयारीने ती उभी होती. पण नवसाबाईने सूप खाली ठेवलं, लगेच गुडघ्यांवर बसली आणि पदर पसरला. चंद्रभागाबाईने कुंकू लावलं, खण-नारळ घातला, गव्हाच्या पाच ओंजळी घातल्या. तिसऱ्या ओंजळीला तिच्या लक्षात आलं की नवसाबाई रडते आहे. तिला रागच आला. एवढं रडायला काय झालं, असं तिने विचारलं.

"माजा माहेर पान्यात गेला, सासरही पान्यात गेला," नवसाबाई म्हणाली. "इथं आल्यापून माजी ओटी कोनी भरली नाय, बाय. तुमी भरली. आता ह्याच माजा माहेर." आणि तिने भरल्या ओटीनिशी वाकून चंद्रभागाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. आता पाया पडणाऱ्या सवाष्णीला आशीर्वाद तर द्यावाच लागतो. सगळे बघत होते. "सुखी राहा," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपली हुशारी आपल्याच अंगाशी आली आहे. शेत कुणाचं हे सांगायला ती आली होती. ते तिने सांगितलंही, आणि सांगता सांगता देऊनही बसली.

पुढच्या तारखेला सावळीराम टोपी घालून, फाईल काखेत मारून निघाला, तशी ती उंबऱ्यात आडवी आली. जाऊ नका म्हणाली. रविराज कांदा निवडता निवडता थांबला. बारा-तेरा वर्षं याच बाईने एकही तारीख चुकू दिली नव्हती.

"लेकीच्या ओटीत घातलेलं माघारी मागत नसत्यात," ती म्हणाली.

सावळीराम चिडला. म्हणाला, पाच ओंजळी गहू घातले होतेस ना? त्यात जमीन कुठून आली?

चंद्रभागाबाईने बाहेर पाहिलं. बांधापलीकडे नवसाबाईचा कांदा काढणीला आला होता आणि मेला या वर्षीही हिच्या कांद्यापेक्षा मोठा होता.

"तिनं पदर पसरला तवा मी नाय म्हनले का?" ती म्हणाली. "आता तिचं पीक बघून जळायचा तेवढा हक्क राह्यलाय माझा. तो काय मी सोडायची नाय."