सनईवाल्याचा दात

बालाघाटच्या दातांच्या दवाखान्यात आम्ही सगळे गाल धरून बसलो होतो. शेजारी रामपायलीकडचा एक सनईवाला होता. "तुमचाबी किडला का?" तो प्रत्येकाला विचारी, आणि 'हौ' ऐकलं की त्याला जरा धीर येई. गुडघ्यावर त्याची बोटं मात्र सारखी सूर वाजवत होती.

मी घरातला पहिला बी.ए., नवा मास्तर. समजावलं, "काका, दात सगळ्यांचेच किडतात."

"हौ मास्तर. पण माहा समोरचा दात गेला तं सनईत हवा कशी धरू?"

दात काढून घेऊन तो परत बाकावर बसला. थोड्या वेळानं कापूस काढून, ओठ आवळून त्यानं तळहातावर हळूच फुंकलं. फुंकर फटीतून भलतीकडेच गेली. गुडघ्यावरची बोटं थांबली.