बाबांचा मेसेज आला, तोही विज्याला

भुतंखेतं, आत्मे, बाहेरचं, आतलं – मी काहीच मानत नाही. किती मानत नाही? तर आमच्या गावच्या स्मशानाच्या कट्ट्यावर बसून मी भर अमावस्येला सहा वडापाव खाल्लेत. बायको म्हणते चार होते आणि अमावस्या नव्हती... असो. तेव्हा खाली लिहितोय ते वाचून ‘बाप गेल्यापासून हा हलला’ असं कुणी म्हणू नये. हललो असेन, पण त्याचं कारण भूत नाही. माझा धाकटा भाऊ विज्या आहे.

आमचं गाव वडप्याजवळ, तालुका भिवंडी. आता चारी बाजूंनी गोदामं उठलीत, इतकी उंच की सूर्य उगवलेला आम्हाला साडेनऊला कळतो. आधी गावाच्या कडेला आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणणारे आठ लूम. आठच, पण एकदम चालू झाले की तिकडे नाशिकला मांडणीवरची भांडी हलायची. बाबाच मालक, बाबाच जॉबर – म्हणजे लूम दुरुस्त करणारा – आणि मी सोळाव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. विज्या शिकला. त्याला कारखान्यातला कापूस सोसत नव्हता म्हणे, खोकला यायचा. मला कुणी खोकून दाखव म्हटलंच नाही.

चार वर्षांपूर्वी ते लूम मी भंगारात काढले. धंदा राहिला नव्हता, बाबांचे गुडघे गेले होते, शेड गोदामाला भाड्याने द्यायची ठरली. ठरली म्हणजे मी ठरवली. लूमचे तुकडे ट्रकमध्ये चढत होते तेव्हा बाबा पाठ करून बसले होते. त्या दिवसापासून औषध, पाणी आणि पंखा या तीन विषयांपलीकडे ते माझ्याशी बोलले नाहीत. तीन वर्षं. अंघोळ मी घालायचो, दवाखान्यात मी न्यायचो... आणि रविवारी विज्या जिलेबी घेऊन आला की दोघं ओट्यावर तास तास हसत बसायचे. मी आतून ऐकायचो. बाबा गेले तेव्हा शेवटचं मला काय म्हणाले, माहितीये? “पंखा कमी कर.”

आता मुद्द्याचं.

एका रविवारी दुपारी विज्याचा फोन. “दादूस, लगेच ये. एकटा ये.” आमच्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. विज्या राहतो कशेळीला, सातव्या मजल्यावर. मानकोलीला असा जाम लागला की माझ्या रिक्षापुढच्या ट्रकवाल्याने उतरून दाढी केली, आंघोळ तेवढी राहिली. पोचलो तर विज्या पांढराफटक. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. बाबांच्या नंबरावरून व्हॉइस मेसेज. दीड मिनिटाचा. त्याच दिवशी सकाळी आलेला.

“बाबांचा मोबाइल कुठंय?” विज्याने विचारलं.

“माझ्या कपाटात. बंद. बॅटरी फुगून पुरी झालेली, मीच काढून टाकली.”

“मंग?”

“मंग काय मंग. लाव.”

आधी लूमचा खडखडाट आला. मग त्यातून बाबांचा आवाज, नेहमीसारखा ओरडून, जणू पलीकडचा माणूस जव्हारला उभा आहे – “विज्या... आरं, गाडी घेतलीस ती बरा केलास. पन पांढरी कशाला रं? हायवेची धूल बसंल, रोज पुसत बसशील...”

विज्याने गाडी घेतली त्याला दोन महिने झाले होते. बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

विज्या ढसाढसा रडत होता. अशा वेळी मोठ्या भावाने काय करायचं असतं? जवळ घ्यायचं असतं. मी म्हणालो, “तुलाच का?”

“आँ?”

“मोबाइल माझ्या कपाटात. रिचार्ज मी मारतो. आणि मेसेज तुला?”

“दादूस, आपला मेलेला बाप बोलतोय, आन् तू कपाट काय काढतोस?”

“गाडीच्या रंगावर बोलायला वेळ आहे त्यांना. मला तीन वर्षांत पंख्याशिवाय...”

“तुला काय पायजे? तुझ्या गाडीवर पन बोलायला पायजे होतं त्यांनी?”

“माझ्याकडे गाडी आहे का?”

त्याने मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला.

खरं सांगतो, पहिला संशय विज्यावरच आला. हल्ली मोबाइलवर कुणाचाही आवाज बनवून मिळतो. मला जळवायला एवढं तो नक्की करेल, मी त्याच्या जागी असतो तर केलंच असतं. म्हणून मी बाबांचा आवाज सोडला आणि मागचे लूम ऐकायला लागलो. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा जॉबर कान लावतो. लूम आठ होते. आणि त्यातला चार नंबर लंगडत होता.

आमचा चार नंबर जन्माचा लंगडा. सूत घेऊन धावणारा धोटा एका बाजूने वेळेवर जायचा, दुसऱ्या बाजूने अर्धा श्वास उशिरा. मी आणि बाबांनी त्याचं सगळं उघडलं, बदललं, शिव्या घातल्या... तो सुधारला नाही. जगात अशी चाल दुसऱ्या लूमची नाही. आणि विज्याला यातलं काय कळणार? त्याला लाटणं आणि धोटा शेजारी ठेवून दिला तर तो धोट्याने पोळ्या लाटेल. शिवाय चार नंबर वितळून कुठल्या तरी इमारतीची सळई झालाय. मला एसीत घाम फुटला.

मग मेसेजच्या मध्यावर बाबा म्हणाले, “थांब रं, दादूस आला.”

आणि आवाज बंद. लूम चालूच, बाबा नाहीत. मी मोजले – अकरा सेकंद. मग पुन्हा, “हां, तं काय म्हनत होतो, गाडी...”

“इथं कायतरी गेलंय,” विज्या डोळे पुसत म्हणाला. “रेंज गेली असंल.”

“कुठली रेंज? वरची?”

काही गेलेलं नव्हतं. लूम चालू असताना कारखान्यात कुणी तोंडाने बोलत नाही, घसा फाटला तरी ऐकू जात नाही. हातांनी बोलतात. सुताची तार तुटली, कांडी संपली, लाइट जाणार, शेजारचा शेठ आज तापलाय – सगळं हातांनी. मी आणि बाबा पंचवीस वर्षं असेच बोललो. विज्याला ते कधी आलंच नाही, म्हणून त्याच्याशी बाबा ओरडायचे. त्या मेसेजमध्ये मी समोर आलो, आणि बाबा माझ्याशी हातांनी बोलले. अकरा सेकंद. म्हणजे निरोप मलाही होता! पण तो विज्याच्या मोबाइलवर, आणि आवाजात हात उमटत नाहीत.

घरी येऊन कपाट उघडलं. मोबाइल होता तसाच, पिशवीत, बिनबॅटरीचा. मंदाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “व्हिडिओ करायला काय झालं होतं मामंजींना?”

मी नवी बॅटरी आणून मोबाइल सुरू केला. विज्याच्या नावापुढे शेवटचा मेसेज होता तो जिलेबीचा, बाबा जायच्या आदल्या आठवड्यातला. त्यानंतर काही पाठवलेलंच नाही. तीन आठवडे तो मोबाइल मी छातीशी घेऊन फिरलो. जेवताना ताटाशेजारी, संडासात खिशात. “माझा फोन कधी दुसऱ्या रिंगला उचलला नाही,” मंदा जातायेता ऐकवायची. मला काही आलं नाही. एक मिस कॉलसुद्धा नाही.

शेवटी एका दुपारी विज्याकडून मागवलेला तो मेसेज घेऊन मी आमच्या जुन्या शेडमध्ये गेलो. तिथं आता छतापर्यंत बाळांच्या डायपरचे खोके. वॉचमन ओळखीचा, त्याने आत सोडलं. चार नंबर जिथं होता तिथं उभा राहिलो आणि मेसेज लावला.

“थांब रं, दादूस आला.”

आणि माझा उजवा हात उठला. मी उचलला नाही... शपथेवर सांगतो, आणि मी शपथ सहसा घेत नाही, कारण खरं बोलावं लागतं. बोटं जुळून तोंडाकडे गेली, मग तळवा पोटावर, दोनदा. आमच्या खुणांत याचा अर्थ – जेवलो.

हे एकाच प्रश्नाचं उत्तर असतं. बाबा रोज दुपारी लूमच्या पलीकडून तो विचारायचे. लूम विकल्यापासून एकदाही विचारला नव्हता.

मी तिथंच एका खोक्यावर बसलो. वॉचमन धावत आला. “क्या हुआ सेठ, भूख लगी है? रोटी है अपने पास.” मी नको म्हणालो, पण ते हाताने म्हणालो, आणि त्याला ते कळलं नाही. त्याने डबा उघडला. खाल्ली मग.

हाताची सवय असेल, मला मान्य आहे. पण बंद मोबाइल, वितळलेला लूम, पांढरी गाडी – यांचं काय? आमच्या गावच्या मास्तरांपासून मोबाइलवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. उलगडा कुणाकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच.

विज्याला मात्र हे सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, “दादूस, मना त्यांनी कवाच न्हाय विचारला, जेवलास का म्हनून.”

त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दोन दिवस झोप छान लागली.