कुत्र्याला मी फिरवीन

आमच्या वरच्या मजल्यावर रमाकांत गुप्ते राहतात. मी त्यांना भावोजी म्हणते, कारण त्यांची बायको मृणालिनी माझी जिवाभावाची मैत्रीण. भावोजींनी आयुष्यभर विमा कचेरीत फायली तपासल्या आणि घरी येऊन बायकोचा स्वयंपाक तपासला. मीठ कमी, पोळी जाड. मृणालिनी हसून सोडून द्यायची. एकाच बाबतीत तिनं त्यांचं ऐकलं नाही. गल्लीतलं एक लंगडं पिल्लू तिनं उचलून आणलं आणि त्याचं नाव ठेवलं गुंड्या. भावोजींनी घर डोक्यावर घेतलं. तिनं पोळ्या जरा पातळ लाटल्या, एवढंच.

मृणालिनी गेली ती तडकाफडकी, कुणाशी काही न बोलता. बाणगंगेला दहाव्याचे पिंड मांडले आणि आम्ही लांब उभे राहिलो. झाडावर कावळेच कावळे, पण खाली एक येईल तर शपथ. मुलगा उन्मेष म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." सून नूपुर म्हणाली, "आई, तुमचे सगळे सणवार मी करीन." कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा असल्या गोष्टींना जन्मभर थोतांड म्हणणारे भावोजी पुढे झाले आणि भांडल्यासारखे ओरडले, "बरं बाई, कुत्र्याला मी फिरवीन!"

कावळा शिवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिवाजी पार्काच्या मागच्या शांत गल्ल्यांतून दोघं समुद्रावर जायचे. माझे गुडघे बरे असले की मीही. कुणी कुत्र्याचं कौतुक केलं की भावोजी तुटकपणे सांगत, "माझा नाही, बायकोचा. मी शब्दात अडकलोय." पण चौपाटीच्या कठड्यावर टेकले की त्याला ग्लुकोजचं बिस्किट भरवत आणि दिवसभराचं सगळं सांगत. आज नूपुरनं अळूची भाजी फक्कड केली होती, रे. मीठसुद्धा बरोबर. मला ऐकून रागच यायचा. यातला एक शब्द मृणालिनीच्या वाट्याला आला असता तर काय बिघडलं असतं?

यंदा गुंड्या थकला. डॉक्टरांनी सांगितलं, किडन्या गेल्या. त्याला चार पावलंही चालवेना. "बाबा, आता पुरे," उन्मेष म्हणाला, "तुम्हीच पडाल कुठेतरी." भावोजींनी ऐकलं नाही. जुन्या चादरीत गुंडाळून ते त्याला छातीशी धरून समुद्रावर नेऊ लागले. कुत्रा त्यांच्याकडे, पट्टा माझ्याकडे, अशी आमची वरात निघायची. लोक हसायचे. एका दुपारी तो झोपेतच गेला.

त्याच्या दहाव्या दिवशी भावोजी माझ्या दारात आले. अंगात धुतलेला सदरा, खिशात बिस्किट. "वहिनी, येता का? मला एकट्याला जमायचं नाही."

वाटेत त्यांनी मला आपला बेत सांगितला. कावळा आला नाही की ते म्हणणार होते, गुंड्या, तुझ्यासाठी मी रोज इथे येईन. ते वाक्य त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं.

कठड्यावर बिस्किट ठेवलं. आम्ही मागे सरलो. भावोजींनी हात जोडले, घसा खाकरला. तेवढ्यात एका कावळ्यानं झडप घातली आणि बिस्किट घेऊन तो उडालासुद्धा.

भावोजी जोडलेले हात तसेच धरून उभे.

"चांगलं झालं हो," मी म्हटलं. "तृप्त होऊन गेला."

"हो ना. त्याचं काहीच राहिलं नव्हतं."

मग ते कठड्यावर बसले आणि रडू लागले. मृणालिनी गेली तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ते सगळं आता बाहेर येत होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि मला विचारलं,

"मग उद्या संध्याकाळी मी कुठे जायचं, वहिनी?"