देवाला सविस्तर सांगणाऱ्या मावशी

अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत मिनेसोटातल्या मराठी माणसांच्या अडचणी देवाला सर्वांत तपशीलवार ठाऊक असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि याचं सगळं श्रेय आमच्या नगरच्या मावशींना आहे. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. ईडन प्रेरी या आमच्या उपनगरातल्या कुणाच्याच त्या सख्ख्या कुणी नव्हत्या, म्हणून बहुधा सगळ्यांच्या मावशी होऊ शकल्या. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मल्या, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आणि आम्ही जन्मायच्याही आधी इकडे येऊन इथल्या वॉर्डांमध्ये पाळ्या करता करता म्हाताऱ्या झाल्या. यजमान लवकर गेले. मुलगी लग्न करून ऑरेगनला. घरात उरल्या मावशी आणि रेडिओ. तोही एक नव्हे. स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात एक, गॅरेजमध्ये एक आणि गाडीत होता तो वेगळाच. सगळे एकाच स्टेशनवर लावलेले असत, आणि रेडिओला बंद करायचं बटण असतं हे मावशींच्या गावीही नव्हतं.

हे स्टेशन म्हणजे हायवेलगतच्या दातांच्या एका जुन्या दवाखान्यात थाटलेलं छोटंसं ख्रिस्ती रेडिओ स्टेशन. आमच्या उपनगरापासून पश्चिमेकडच्या मक्याच्या शेतांपर्यंत त्याचा आवाज जेमतेम पोचायचा. दिवसभर भक्तिगीतं, हवामान, कुणाच्या हरवलेल्या कुत्र्याची खबर, कुठल्या चर्चमध्ये स्पॅगेटीचं जेवण आहे त्याची आठवण, असा सगळा घरगुती कारभार. आणि सकाळी प्रार्थनेची वेळ. श्रोत्यांनी फोन करून आपली गरज कळवायची, डेव्ह नावाचा निवेदक ती वाचून दाखवायचा आणि मग ऐकणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या जागी, म्हणजे ट्रॅक्टरवर, गोठ्यात, वृद्धाश्रमातल्या खाटेवर किंवा सिग्नलला थांबलेल्या गाडीत, त्या अनोळखी माणसासाठी क्षणभर प्रार्थना करायची.

आता इथली माणसं मुळात मितभाषी. त्यांच्या विनंत्या म्हणजे ‘तब्येतीसाठी’, ‘कुटुंबासाठी’, फार झालं तर ‘सुनेसाठी’. मावशींना या मोघमपणाचा मनापासून राग येई. “सुनेसाठी म्हणजे काय? ती यावी म्हणून की जावी म्हणून?” असं त्या रेडिओलाच विचारत. त्यांच्या मते देव सर्वज्ञ असला तरी त्याच्यामागे व्याप फार, आणि पेशंटचा केसपेपर नीट भरलेला असला की डॉक्टरचा वेळ वाचतो. त्यामुळे त्या रोज फोन करत आणि सविस्तर सांगत. स्वतःसाठी कधीच नाही. आमच्यासाठी. माझ्या आईची व्हिसाची मुलाखत होती तेव्हा त्यांनी नुसतं ‘व्हिसा मिळावा’ असं सांगितलं नाही, तर मुलाखत घेणारा साहेब पोटभर जेवून आलेला असावा, आईने विचारलं तेवढंच उत्तर द्यावं आणि वडिलांनी मध्ये बोलू नये, अशी मांडणी केली. माझ्या बायकोच्या गुडघ्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा उजवा गुडघा, आतली बाजू, जिना उतरताना, इतपत माहिती शेतांपर्यंत पोचली होती.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका वर्षी आम्ही कोकणातून नवी मोठी मूर्ती मागवली आणि कागदपत्रांच्या कुठल्याशा घोळामुळे ती समुद्रकिनारी बंदरावर अडकून बसली. उत्सव तोंडावर आला. मावशी आरतीला उभ्या राहत नसत, त्या वेळी त्या उत्सवासाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मोदकांवर लक्ष ठेवून असत. पण आमची उतरलेली तोंडं त्यांना बघवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हने आपल्या खर्जातल्या आवाजात सांगितलं की आंटीच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या, मित्रमंडळींचे फार महत्त्वाचे पाहुणे बंदरावर अडकले आहेत, त्यांची सुटका व्हावी म्हणून आपण सगळे प्रार्थना करू या. मूर्ती सुटली. मी मावशींना म्हटलं, अहो, पाहुणे काय सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मग खोटं काय त्यात? येतात, पाहुणचार घेतात, जातात.” नंतर त्या स्वतः मोदक घेऊन स्टेशनवर गेल्या आणि डेव्हला सगळं खरं सांगून आल्या. त्याने म्हणे आधी हातातला मोदक संपवला, मग दुसरा उचलत म्हणाला की ते सुखरूप पोचले, बरं झालं.

या सगळ्याची आम्हाला आधी फार लाज वाटायची. मग हळूहळू काहीतरी बदललं. एकदा मी गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने माझं नाव वाचायचा दोनदा प्रयत्न केला, सोडून दिला आणि विचारलं, तुम्ही आंटीच्या माणसांपैकी का? मी हो म्हटलं. “गुडघा, की आईचा व्हिसा?” मी म्हटलं, दोन्ही आमच्याच घरातलं. “मिळाला का मग?” मिळाला म्हटल्यावर त्याने आत हात काळे करून बसलेल्या दोघांना ओरडून ती बातमी सांगितली, आणि त्यांनी आतून आनंदाने हात हलवले. इतकी वर्षं या देशात राहून शेजाऱ्याला माझं नाव धड घेता येत नव्हतं, आणि इथे टायरच्या दुकानातली माणसं माझ्या आईच्या व्हिसासाठी देवाकडे शब्द टाकून बसली होती. गाडी घेऊन घरी येताना मी रेडिओ त्या स्टेशनवर लावला. मंडळातल्या पुष्कळांच्या गाड्यांमध्ये तो असाच एकेक करून लागला असावा. मंडळातल्याच रश्मीच्या गाडीत तर तिच्या दुसऱ्या बाळंतपणापासूनच लागला होता, कारण त्या वेळी मावशींनी बाळ कसं वळावं याच्या सूचनाही रेडिओवरून दिल्या होत्या.

रश्मी आणि प्रशांत हे नागपूरचं जोडपं, आमच्याच गल्लीत राहायचं. दोन लहान मुली. प्रशांत माझ्यासारखाच व्हिसावर नोकरी करणारा, अबोल, कामात हुशार. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरून देश सोडायचा. रश्मीचे आईवडील तेव्हाच इथे आले होते, लेकीचा संसार बघायला. प्रशांतने घरात कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी डबा आणि लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा.

मावशी मोठ्या टाइपातली पुस्तकं आणायला लायब्ररीत जात. त्यांनी त्याला वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात डबा खाताना पाहिलं, आणि चाळीस वर्षं नर्स असलेल्या बाईला माणसाचा चेहरा बघून काय कळायचं ते कळलं. त्या समोर बसल्या. त्याने सगळं सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. मावशींनी शब्द दिला. तो त्यांनी पाळला असंच त्या शेवटपर्यंत समजत होत्या, कारण देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हने वाचलं. नागपूरकडचा एक तरुण, दोन छोट्या मुली, नोकरी गेली आहे, रोज डबा घेऊन लायब्ररीत बसतो, बायकोला अजून माहीत नाही; तर त्याला लवकर नोकरी मिळावी, आणि ते जमणार नसेल तर बायकोला सांगायचं धैर्य मिळावं. रश्मी थोरलीला शाळेत सोडून परत येत होती. तिने गाडी वळवली आणि सरळ लायब्ररीत गेली.

त्याच दुपारी मी मावशींच्या दारापुढचा बर्फ काढत होतो, तेव्हा प्रशांत आला. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पायऱ्यांशीच उभा राहून तो म्हणाला, “मावशी, मी तुम्हाला सांगितलं होतं. फक्त तुम्हाला.”

मावशी म्हणाल्या, “मी नाव नव्हतं रे घेतलं.”

“नागपूरचा, दोन मुली, लायब्ररीत. नाव घ्यायचं काय राहिलं होतं? माझ्या सासऱ्यांसमोर माझी बायको रडत उभी आहे.”

तो गेल्यावर त्या आत गेल्या. मी फावडं ठेवून मागोमाग गेलो तर त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि स्वयंपाकघर विचित्र वाटत होतं. मग लक्षात आलं, रेडिओ बंद होता.

त्या दिवसापासून मावशींचा फोन स्टेशनवर गेला नाही. मंडळात कुजबुज झाली. ज्यांनी आपले गुडघे आणि व्हिसे हौसेने त्यांच्या हवाली केले होते, तेच आता मावशी दिसल्या की हवामानावर बोलू लागले. मीही त्यांतलाच. त्यांनाही ते कळत होतं. कुणी काही सांगायला लागलं तर त्याच आधी म्हणत, राहू दे, मला नको सांगूस.

इकडे रेडिओवर मात्र वेगळंच चाललं होतं. त्या सकाळपासून स्टेशनवर फोन येत राहिले. कुणी तळघरातली खोली देऊ केली, कुणी मुलींसाठी बर्फातले कोट. एका शेतकरी बाईने सांगितलं की तो जेवायला कधीही येऊ शकतो, फक्त डुकराचं मांस खातो का ते कळवावं. पश्चिमेकडच्या गावात धान्य वाळवायची यंत्रं बनवणारा एक छोटा कारखानदार होता. त्याला त्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस हवाच होता. डेव्ह हे सगळं घेऊन मावशींच्या घरी आला. आवाजावरून मी त्याला धिप्पाड समजत होतो. निघाला काटकुळा, जाड चष्म्याचा, बूट दाराबाहेर काढून ठेवणारा. त्याने मावशींना सांगितलं की चूक माझीही आहे, मी वाचायच्या आधी विचार करायला हवा होता. मावशी म्हणाल्या, “तू वाचलंस रे. सांगितलं मी.” श्रोते रोज विचारतात, तुम्ही परत फोन करा, असं त्याने पुष्कळ विनवलं. मावशींनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, पण होकार काही दिला नाही. प्रशांतला निरोप द्यायचं कामही त्यांनी माझ्यावर सोपवलं.

मी प्रशांतकडे गेलो. त्याने कोट, खोली, जेवण, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, “हे लोक मला ओळखतसुद्धा नाहीत यार,” आणि सगळ्यांना आभार कळवायला सांगितलं. कारखानदाराला मात्र तो जाऊन भेटला. त्या भल्या माणसाने वकील गाठला, कागद जमवायला सुरुवात केली. पण व्हिसा कशाशी खातात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते पुरतं कळेपर्यंत मुदत संपली. प्रशांत आणि रश्मीने नागपूरची तिकिटं काढली.

जायच्या दिवशी रश्मी मुलींना घेऊन मावशींचा निरोप घ्यायला गेली. तिनेच मला नंतर नागपूरहून फोनवर सांगितलं. ती मावशींना म्हणाली की तुमच्यामुळे मला निदान त्याच्यासोबत थोडे दिवस काळजी तरी करता आली, नाहीतर तो एकटाच करत राहिला असता. मावशींनी तिला जवळ घेतलं. प्रशांत गाडीतच बसून होता. मावशी नुसत्या सपाता घालून त्या ओल्या थंडीत बाहेर आल्या, करंज्यांचा डबा घेऊन. त्याने काच खाली केली, डबा घेतला, मांडीवर ठेवला. मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग गाडी निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींच्या मुलीने त्यांना ऑरेगनला नेलं. गुडघे, जिने, एकटेपण, अशी कारणं होती आणि ती सगळी खरी होती. घर विकलं गेलं. डेव्हने एका सकाळी त्यांचं नाव घेऊन प्रवासासाठी प्रार्थना सांगितली. मी तेव्हा कामावर जात होतो. गाडी कडेला घेतली आणि मला जमली तशी केली.

परवा प्रशांतचा फोन आला. नागपुरात त्याचं बरं चाललं आहे, मुली मराठी शाळेत रुळल्या आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, “मावशी कशा आहेत?” मी सांगितलं. तो म्हणाला, “त्या दिवशी मी खाली उतरायला हवं होतं. अजून डोक्यातून जात नाही.” मी त्याला मावशींचा ऑरेगनचा नंबर दिला. त्याने तो लिहून घेतला, पुन्हा म्हणून दाखवला, बरोबर आहे ना, म्हणून विचारलं.

त्याने फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. त्याला विचारायचं धाडस होत नाही. मावशींशी मी अधूनमधून बोलतो. गेल्या खेपेला मी आडूनच विचारलं, नागपूरकडची काही खबर?

“ज्याची खबर त्याला विचारावी, बाळा,” त्या म्हणाल्या, आणि मग तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या मेथीला वासच कसा नसतो, ते मला बराच वेळ सांगत राहिल्या.