डाग आधी सांगणाऱ्याला सूट

"सूट? माणूस मारलाय त्यानं, वकीलबाई, सतरंजी नाही विकत घेतली!"

लाँड्रीवाल्या मावशींचा आवाज सरकारी वकिलांच्या खोलीबाहेरच्या बाकापर्यंत गेला. बाकावरचे लोक माना वळवून बघायला लागले.

"जन्मठेप होणारच, मावशी," वकीलबाई म्हणाल्या. "पण सुटकेचा अर्ज करायच्या आधी किती वर्षं आत काढायची, ते कोर्ट ठरवतं. गुन्हा कबूल केला की त्यातली काही कमी होतात. लवकर केला तर जास्त. खटला लांबत नाही, तुम्हालाही साक्षीला उभं राहावं लागत नाही."

"उभं राहायचं काय कौतुक मला? जन्म गेला इस्त्रीपुढं उभ्यानं!"

धाकटा भाऊ आईमागं मावशींनीच वाढवलेला. मित्राबरोबर भागीत टेंपो चालवायचा. त्या मित्रानंच जॅकच्या दांड्यानं त्याचं डोकं फोडलं, आणि वर बॅटरी घेऊन सगळ्यांबरोबर शोधायला फिरला. मावशींच्या घरी बसून चहा प्याला. "सापडेल हो ताई," म्हणाला. पोलिसांना दांडा सापडला, तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं.

"त्याची कपबशी मी विसळलीय, बाई. या हातांनी."

वकीलबाईंचे काळे कोट मावशींकडेच धुवायला असायचे. "राग नका मानू, पण डाग आधी सांगितला तर सूट, ही पाटी तुमच्याच दुकानात आहे ना?"



"आहे. गरम इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो, म्हणून आधी विचारते. पण मी डागावर बोट ठेवल्यावर 'हो, आहे खरा' म्हणणाऱ्याला दमडी सोडत नाही. आणि माझ्याकडनं कपडा परत जातो. माझा भाऊ आणा परत, मग खुशाल सूट वाटा!"

"कबुली उशिराची आहे, हे मी मांडणारच आहे. पण सूट अगदीच मिळणार नाही, असं होणार नाही."

तसंच झालं. न्यायाधीशांनी पूर्ण सूट नाकारली, थोडी दिलीच. मावशी कोर्टातून तडक दुकानात आल्या, पाटी उपटली आणि लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक सदरा घेऊन आलं. "मावशी, इथं चहा सांडलाय. आधीच सांगतो हां."

"सांगून उपकार केलेस? पूर्ण पैसे पडतील."

"अहो, पण पाटी..."

"टेबलाखाली वाक, तिथं वाच."

मावशींनी सदरा ओढून घेतला, डागावर पाणी मारलं आणि दोन्ही मुठींनी घासायला लागल्या.