महाळुंग्याच्या बोळातला सिलंबम

अप्पा काल गेले. आणि जाताना त्यांची पक्की खात्री होती की त्यांनी आम्हाला सगळं चुकीचं शिकवलं.

हे इथे लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नाहीये. तीनदा खोडलं.
पण ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली कुणीतरी 'महान गुरू' लिहिलंय. ते वाचून अप्पा कानकोंडे झाले असते. म्हणून खरं ते लिहिते.

माझे वडील रामनाथपुरमकडच्या एका खेड्यातून चाकणला आले. महाळुंग्यातल्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागले आणि इथलेच झाले.
कंपनीत सगळ्यांचे ते अण्णा. दर नवीन माणूस विचारायचा, "अण्णा, इडलीची गाडी कुठं लावता?"
अप्पा म्हणायचे, "इडली बायको करते. मी नुसती काठी फिरवतो. तीही तिला विचारून."

ती काठी म्हणजे सिलंबम. बांबूच्या लांब काठीची तमिळ युद्धकला.
गावी ते ती त्यांच्या आसानकडे, म्हणजे गुरुजींकडे, नदीच्या कोरड्या वाळूत शिकले होते. इथे दर रविवारी सकाळी आसपासच्या तमिळ घरांतली पोरं गोळा करून तेच शिकवायचे. मुलांना तमिळ वाचता येत नव्हतं. निदान काठी यावी, एवढीच त्यांची इच्छा.

मैदान कुठलं? आम्ही राहतो त्या चाळीसमोरचा बोळ.
एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला भाडेकरूंच्या मोटरसायकली.
आमच्या घरमालकीण आक्का ओट्यावरून ओरडायच्या, "ओ अण्णा, काठी आवरा! टाकी फोडताय का काय माझी?"
"न्हाई फुटत, आक्का."
अप्पांचं मराठी हे असं. आक्कांकडूनच आलेलं.

मीही तिथेच शिकले. काठी डोक्याच्या वरच फिरवायची. जागच्या जागी वळायचं. पाऊल तोकडं टाकायचं.
सिलंबम असाच असतो, असं आम्हाला वाटायचं. इतक्या वर्षांत बहुतेक अप्पांनाही तसंच वाटायला लागलं होतं.

यंदा पोंगलला निगडीत तमिळ मंडळींचा कार्यक्रम होता. मोठा हॉल, मोठं स्टेज.
पाहुणे म्हणून अप्पांच्या गावाहून मुरुगेसन आले होते. अप्पांच्या आसानचा मुलगा. आता गावी तेच शिकवतात.

आम्ही खेळलो. टाळ्या पडल्या.
मी नंतर व्हिडिओ पाहिला, तेव्हा मला दिसलं. अख्खं स्टेज रिकामं, आणि आम्ही सगळे मधल्या एका पट्टीत. जणू दोन्हीकडे मोटरसायकली उभ्या आहेत.

मुरुगेसन वाईट माणूस नाहीत. ते हसत हसतच म्हणाले, "अण्णा, हे कुठलं? आपली काठी तर अंगण झाडल्यासारखी खालून जाते. आपलं पाऊल केवढं लांब! हे आपल्या गावचं नाही."

अप्पाही हसले.
घरी येऊन जेवले नाहीत. पुढच्या रविवारी क्लास घेतला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.
पोरं काठ्या घेऊन दारात यायची. आई त्यांना परत पाठवायची.

हृदय आधीपासूनच कमजोर होतं. मग अंथरुणच धरलं.
दुपारी मी शेजारी बसलेली असायचे. चादरीखाली त्यांचे पाय हलत असायचे. मला लाडाने ते कण्णु म्हणायचे.
"कण्णु, वाळूत आम्ही पहिलं पाऊल उजवं टाकायचो का डावं?"
मला कसं माहीत असणार? मी ती वाळू पाहिलेलीच नाही.

मी मुरुगेसनना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी मन लावून ते लांब पाऊल दाखवलं. मी शिकले. अप्पांना करून दाखवायला गेले तर त्यांनी मान फिरवली.

मी म्हटलं, "अप्पा, तुमचं चुकीचं नाही. वेगळं आहे."
ते म्हणाले, "कुणी सांभाळायला दिलेली वस्तू वेगळी करून परत देतात का, कण्णु?"

काल ते गेले.

आमच्याकडे अंत्ययात्रेपुढे सिलंबम खेळतात. गावी हे पुरुष करतात. इथे अप्पांच्या हाताखाली सगळ्यात जास्त मीच शिकलेय, म्हणून पोरं माझ्याकडे बघत होती.
मुरुगेसन फोनवर होते. माझ्या भावाने व्हिडिओ कॉल चालू ठेवला होता.

तेवढ्यात आक्का पदर खोचून बाहेर आल्या.
"गाड्या काढा रे समद्यांनी! माणूस चाललाय, दिसत न्हाई व्हय?"
गाड्या निघाल्या. मग त्यांनी टाकी रिकामी करून बाजूला सरकवायला लावली.
"घे बाई. आता फिरव मोकळी."

तो बोळ इतका रुंद आहे, हे मला माहीतच नव्हतं.

ते लांब पाऊल मला येत होतं. जागाही होती. फोनमधून मुरुगेसन बघत होते.

मी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. काठी डोक्यावर घेतली. आणि जागच्या जागी वळले.
माझ्यामागे सगळी पोरं तशीच वळली. तोकडी पावलं टाकत आम्ही अप्पांना नाक्यापर्यंत नेलं.
आक्का म्हणाल्या, "अगं, जागा हाय की!"

बरोबर केलं का? माहीत नाही. रात्रभर तोच विचार होता.
पण अप्पा, मला ही काठी मुरुगेसननी नाही दिली. तुम्ही दिलीत. दिलीत तशीच ठेवलीय.

रविवारी पोरांना बोलावलंय.

या आता, अप्पा. नमस्कार करते.