जानेवारीतल्या दोन छत्र्या

१९९७ सालचा दिवाळीचा पाडवा. रक्कम एक लाख आठ हजार चारशे रुपये. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि माझा धाकटा भाऊ. माजलगावच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आमच्या आडत दुकानात पूजा नुकतीच आटोपली होती आणि ताटातलं हळद-कुंकू अजून पुसलेलं नव्हतं.

रक्कम बायकोची होती. ती दिंद्रुडच्या हायस्कुलात भूगोल शिकवत असे, रोज एसटीनं जाऊन-येऊन. नोकरी लागल्यापासून पगारातला ठरलेला भाग ती बँकेत टाकायची. ठेवीची मुदत त्या महिन्यात संपली. मुलीचं लग्न झालं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता. तेव्हा या पैशाचं काय करायचं, हे मी पाडव्याच्या मुहूर्तावर विचारलं.

भाऊ म्हणाला, "परळी रोडला प्लॉट घ्या वहिनी. दोन वर्षांत दुप्पट."

बायको म्हणाली, "मला ग्रीसला जायचंय."

"ट्रकच्या बेरिंगला लावतेत ते?" भाऊ म्हणाला. ती हसली, पण तिनं म्हणणं मागं घेतलं नाही.

तिच्या पुस्तकात भूमध्य सागरी प्रदेशावर एक धडा होता. उन्हाळे कोरडे असतात, पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि त्या पावसावर गहू, द्राक्षं, ऑलिव्ह पिकतं. दर वर्षी ती तो शिकवायची आणि दर वर्षी वर्गातली एखादी पोरगी विचारायची, "बाई, थंडीत पाऊस आल्यावर ज्वारी आडवी होत न्हाई का?" प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे थंडीत पाऊस आला की तो अवकाळीच. तूर काळी पडते, आंब्याचा मोहोर गळतो. बायको उत्तर द्यायची, पण ते पुस्तकातलं. तिनं स्वतः तसा पाऊस पाहिला नव्हता. तिचं माहेर शिरूर कासारचं. तिथं पावसाळ्यातच पावसाची वाट बघावी लागते, हिवाळ्याचं तर सोडाच.

मी पासपोर्टचे अर्ज भरले. चौकशीला आलेल्या हवालदारानं चहा पिता पिता विचारलं, "तिकडं कुणी पाव्हणं हाय का?" मी म्हटलं, नाही. "मग कावून चाललेत?" बायको आतून म्हणाली, "बघायला." त्यानं ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. पासपोर्ट मात्र आले.

मग मी औरंगाबादला एका सहलीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या तरुणानं मे महिन्यातली ग्रीसची सहल दाखवली. तीस माणसांचा जथा, बरोबर मराठी व्यवस्थापक, जेवण शाकाहारी. मला सगळं पटलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, मोंढ्यात मालाची आवक नाही, आणि लवकर नाव नोंदवलं तर माणशी दोन हजार सूट. पाच हजार रुपये भरून पावती घेतली आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो.

बायकोनं पावती वाचली. "मे?"

"सुट्टी असते. मोंढाही थंड असतो."

"मेमध्ये तिथं पाऊस न्हाई. कोरडा उन्हाळा असतो. मी पंधरा वर्षं तेच शिकवते." पावतीची घडी घालत ती म्हणाली, "उन्हाळाच बघायचा तर शिरूरला जाते की. तीस रुपयांत होतंय."

मी म्हटलं, हिवाळ्यात मला जमणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते. वर्षाच्या आडतीतला, म्हणजे दलालीतला, मोठा हिस्सा त्या दोन महिन्यांत मिळतो. लग्न झाल्यापासून हंगामात मी एकही दिवस गादी सोडलेली नव्हती. सासरे वारले तेव्हाही लिलाव आटोपूनच निघालो होतो. तिला हे सगळं माहीत होतं. तिनं पावती माझ्या हातात परत दिली. "राहू द्या मग. ठेव पुन्हा टाका बँकेत." राग नव्हता. वरण उतरवायला उठावं तशी ती उठली.

मी ठेव पुन्हा टाकली नाही आणि पावतीही रद्द केली नाही. दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या.

त्याच हंगामात, जानेवारीत संक्रांतीनंतर, एका दुपारी अचानक आभाळ भरून आलं. मोंढ्यात उघड्यावर तुरीचे ढीग पडलेले. पहिले थेंब पडले तसे हमाल ताडपत्र्या ओढत पळू लागले. भाऊ ओरडत होता, "अबे, तिकडली बाजू धर, माझ्या तोंडाकडं काय बघायलास!" एका शेतकऱ्यानं अंगावरची शाल काढून ढिगावर टाकली. मीही धोतर खोचून पोती ओढत होतो. अर्ध्या तासात पाऊस थांबला. भिजलेल्या तुरीचा भाव क्विंटलमागं दीडशेनं खाली आला, आणि सगळा मोंढा आभाळाला शिव्या देत बसला.

बायको शाळेतून येत होती. एसटी स्टँडवरून चालत येताना ती भिजली होती. दुकानाच्या दाराशी ती उभी राहिली. पदर पिळला नाही, आत आली नाही.

"आत ये, सर्दी होईल," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "मला लई बरं वाटलं बघा भिजून. पण असं म्हणायची सोय आहे का इथं?" तिनं मोंढ्याकडं हात केला. "जिथं थंडीत पाऊस पडतो अन् कुणी कपाळाला हात लावत न्हाई, ते एकदा डोळ्यानं बघायचंय. एवढंच हाय."

मी त्या रात्री हिशेब केला. बारा दिवस गादी सोडायची तर मागच्या तीन हंगामांच्या सरासरीनं चौदा हजारांच्या आसपास आडत बुडणार. तो आकडा मी दोनदा तपासला. मग लक्षात आलं की हा आकडा दुकान बंद राहील असं धरून काढला आहे. दुकान बंद कशाला राहील? भाऊ वीस वर्षं माझ्या शेजारी काट्यावर बसत होता, आणि लिलावात बोली मात्र मीच बोलत होतो.

सकाळी त्याला सांगितलं, "पुढच्या जानेवारीत आम्ही जाणार. बारा दिवस."

"अन् गादीवर?"

"तू."

तो काटा पुसायचा थांबला. "वहिनीचे उपकार झाले म्हणायचे, अप्पा. नाहीतर तुमी गेल्याबिगर ती गादी मला मिळत नव्हती."

"चुकीच्या भावानं माल घेतलास तर आल्यावर बघतो."

"तुमी आधी या तर. तिकडंच आडत टाकून बसाल."

मी पुन्हा औरंगाबादला गेलो. तो तरुण म्हणाला, "काका, जानेवारीत ग्रीसला कोणीच जात नाही. पाऊस असतो."

"त्यासाठीच जायचंय."

त्यानं शेजारच्याला हाक मारली आणि त्यालाही हे ऐकवलं. मग म्हणाला, "पावसासाठी लोक चेरापुंजीला जातात, काका. स्वस्तात होईल."

"तिथं पाऊस कधी पडतो?"

"पावसाळ्यात."

"मग नको."

जथा नसल्यामुळं सगळं वेगळं ठरवावं लागलं. जाण्यायेण्याची तिकिटं, समुद्रकाठच्या एका गावात साधं हॉटेल, व्हिसा, विमा. जेवणासाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर न्यायचं ठरलं. डॉलर आमच्या बँकेतून मिळतील हे मला खरं वाटत नव्हतं. पूर्वी ते मोठ्या कारखानदारांचं काम होतं. वर्षभर मी वर्तमानपत्रात तुरीच्या भावाआधी डॉलरचा भाव बघत होतो. तो वर चढला की बायको म्हणायची, "तुमी बघताय म्हणून चढतोय." मुख्याध्यापकांनी गॅदरिंगचं कारण सांगून रजा अडवायचा प्रयत्न केला. तिनं त्यांना विचारलं, "सर, पंधरा वर्षांत मी किती रजा मागितल्या?" रजा मिळाली.

सहल कशी झाली हे मी इथं लिहीत नाही. ती ठरली कशी एवढंच लिहायचं होतं.

खर्च असा झाला: तिकिटं, हॉटेल, व्हिसा आणि विमा मिळून त्या ऑफिसला ब्याऐंशी हजार सहाशे. आधीच्या पाच हजारांतले हजार त्यांनी कापले, चार हजार यात धरले. डॉलरसाठी बँकेला एकवीस हजार दोनशे. भावानं बारा दिवसांची आडत आल्यावर माझ्यापुढं ठेवली. ती मी त्यालाच दिली. पुढच्या हंगामापासून एक दिवसाआड तोच गादीवर बसू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी बायको मला मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याकडं घेऊन गेली. ऊन चटचटत होतं. दुकानात मफलर आणि कानटोप्या टांगलेल्या.

"दोन छत्र्या द्या," ती म्हणाली.

"बाई, मिरगाला या. छत्र्या माळ्यावर हायत."

"आत्ताच पाहिजेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो शिडी लावून वर चढला, धूळ झटकत दोन काळ्या छत्र्या घेऊन उतरला, आणि भर उन्हात दोन्ही उघडून दाखवल्या. त्यातली एक अजून घरात आहे. तिकडच्या वाऱ्यानं तिच्या दोन काड्या वाकल्या आहेत. छत्रीवाल्यानं दोन्हींचे एकशे ऐंशी सांगितले, मी दीडशे म्हणालो. शेवटी एकशे साठ रुपये ठरले, आणि ते बायकोनं आपल्या पाकिटातून काढून त्या छत्रीवाल्याला दिले.